करार मोडला म्हणून चारसोबीस होत नाही

"पैसे देत नाहीस? थांब, चारसोबीसच ठोकतो तुझ्यावर!" आगरदांड्याचा धक्का असो, मुरूडचा बाजार असो की कुणाची ओटी, व्यवहार फिसकटला की हे वाक्य कानावर येतेच. आपल्याकडे नारळ-सुपारीच्या वाड्या मक्त्याने दिल्या जातात, जागेचा इसार होतो, होडीच्या कामासाठी उचल दिली जाते. बरेचसे व्यवहार तोंडी, विश्वासावर. तो विश्वास तुटला की माणूस दिवाणी कोर्टाकडे न वळता थेट पोलीस ठाणे गाठतो. दावा वर्षानुवर्षे चालेल, पण पोलीस दारात आला की पैसे लगेच निघतील, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब दोन्ही बाजूंना कसा बुडवतो, ते शेतकरी बांधवांनी आणि गावकारभाऱ्यांनी समजून घ्यायला हवे.

खोट आधीपासून होती का?

चारसोबीस म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम ४२०. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आले. मोठ्या फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलमाचा आकडा बदलला, तत्त्व तेच राहिले. पैसे घेताना किंवा वचन देतानाच मनात खोट असेल, तरच ती फसवणूक. पुढे शब्द पाळता आला नाही, तर तो करारभंग. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे.

समजा, २०२० च्या उन्हाळ्यात एकाने सुपारीची वाडी वर्षाच्या मक्त्याने घेतली. निम्मी रक्कम दिली, उरलेली दिवाळीला द्यायची ठरली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले, माडपोफळी आडव्या झाल्या, बाकी थकली. मक्तेदाराचा शब्द मोडला खरा, पण त्याने फसवले असे नाही. नुकसान कोणी सोसायचे, हे करारावरून दिवाणी न्यायालय ठरवील. याउलट, दुसऱ्याची वाडी आपली म्हणून दाखवून पैसे उचलले, किंवा आधी विकलेली जागा लपवून पुन्हा विकली, तर खोट मुळातच होती. तिथे फिर्याद द्यायलाच हवी.

'विश्वासघात' या कलमाचेही तसेच. माल विकला, ताबा दिला, किंमत राहिली, तर ती उधारी झाली. सांभाळायला दिलेली वस्तू परस्पर लाटली, तर तो विश्वासघात. एकाच व्यवहारात फसवणूक आणि विश्वासघात ही दोन्ही कलमे एकदम बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या निकालात सांगितले.

केस रद्द होते, पण सरसकट नाही

दिवाणी भांडणाला फौजदारी रंग दिलेला असेल, तर ती कारवाई रद्द करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. पूर्वी हे कलम ४८२ होते. आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली, मात्र रायगडकरांना अजून मुंबईच गाठावी लागते.

आंग्रे हे नाव आपल्या किनाऱ्याला नवे नाही. माधवराव शिंदे विरुद्ध संभाजीराव आंग्रे या १९८८ च्या खटल्यात एका ट्रस्टच्या मालमत्तेवरून मुंबईत फौजदारी फिर्याद झाली होती. वाद मुख्यतः दिवाणी आहे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती संपवली. अशी प्रकरणे कोणत्या परिस्थितीत रद्द करता येतील, याची यादी पुढे भजनलाल खटल्यात आली.

पण याची दुसरी बाजूही आहे. दिवाणी भांडणे पोलिसांत नेण्याच्या वाढत्या सवयीवर न्यायालयाने २००६ मध्ये इंडियन ऑइलच्या खटल्यात नाराजी व्यक्त केली. तिथेच हेही बजावले की, केवळ दिवाणी दाव्याची वाट मोकळी आहे म्हणून फौजदारी केस आपोआप रद्द होत नाही. २०२१ मध्ये मुंबईतूनच गेलेल्या निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात, तपास सुरुवातीलाच रोखू नये, असा दंडक घातला गेला. तेव्हा 'हायकोर्टात उडवून टाकू' असे कुणी छातीठोक सांगितले, तरी विसंबू नये. मात्र वाद मुळात पैशाचा असेल आणि दोघांची खरी तडजोड झाली असेल, तर तेवढ्यावरही उच्च न्यायालय केस रद्द करू शकते. हे २०१२ च्या ग्यानसिंग निकालापासून पक्के आहे.

मुदत कुणासाठी थांबत नाही

फिर्यादीचा खरा तोटा पुढेच आहे. कराराच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची. पोलीस केस चालू आहे म्हणून ती थांबत नाही. चौकीचे खेटे घालता घालता तीन वर्षे उलटली आणि शेवटी केसही रद्द झाली, तर तेलही गेले, तूपही गेले.

मोठे लोक काय करतात, ते आपल्याच खाडीत दिसते. दिघी आणि आगरदांडा या दोन्ही तीरांवरच्या बंदराची कंपनी कर्जात रुतली, तेव्हा देणेकऱ्यांचे प्रकरण मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ७०५ कोटींत बंदर घेतले. एवढ्या थकबाकीचा मार्गही दिवाणीच होता.

एवढे करावे

- व्यवहार कितीही लहान असो, कागदावर आणावा. रक्कम, हप्ते, तारखा आणि आपत्तीत नुकसान कोणाचे, हे लिहावे. पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत.
- पैसे थकले तर वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि तीन वर्षांच्या आत दावा लावावा. चेक परत आला, तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. त्या कायद्याने फौजदारी वाटही मिळते.
- पोलिसांची नोटीस आली तर दडून बसू नये. कराराची प्रत, पावत्या, बँकेचा उतारा घेऊन हजर व्हावे. पुढे केस रद्द करून घेताना हेच कागद उपयोगी पडतात.
- महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि गरजू यांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. लोकअदालतीची वाटही आहे.

पोलीस पाटील आणि सरपंचांनी एक पथ्य पाळावे. तक्रार आली की आधी विचारावे, "कागद दाखवा. सुरुवातीला काय ठरले होते?" वसुली हे पोलीस ठाण्याचे काम नाही. दिवाणी वादात गुन्हा दाखल केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारला ५० हजार रुपयांचा भुर्दंड लावला होता.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चढावीच लागली, तर निदान बरोबर कोर्टाची चढावी.