मांडणीवरची भांडी

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या मांडणीवरची सारी भांडी खाली उतरतात. यंदा त्यांतला एक ढीग सौ.ने बाजूला काढला आणि ‘ही मोडीत द्यायची’ असे जाहीर केले. त्यात माझ्या आईच्या लग्नात आहेर म्हणून आलेली स्टीलची ताटे होती. काठांवर टिंबाटिंबांनी देणाऱ्यांची नावे कोरलेली. आई काही बोलली नाही; पदराने एक ताट पुसत बसली.

मला मात्र दिल्लीत पाहिलेला एक ढीग आठवला!

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रासाठी गेलो असताना साकेतच्या किरण नाडर कलासंग्रहालयात डोकावलो. समोर सुमारे दहा मीटर उंचीचा चकचकीत ढग उभा! जवळ गेलो तर काय, ताटे, वाट्या, पातेली, डबे, चिमटे! पोलादी सांगाड्यावर हजारो भांडी रचून अणुस्फोटाचा ढग उभारला होता. नाव ‘लाइन ऑफ कंट्रोल’, साल २००८, शिल्पकार सुबोध गुप्ता.

खरे सांगतो, वाचकहो, पहिला विचार मनात आला तो असा, की यात कला ती कुठली? एवढी भांडी तर कुठल्याही भांडेवाल्याच्या दुकानात दिसतात. पण पाय तिथून निघेनात. ज्या ताटात आई वरणभात वाढते, त्याच ताटांतून सर्वनाशाचे चित्र उभे राहावे, ही गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना.

सुबोध गुप्ता यांचा जन्म १९६४ साली पाटण्याजवळच्या खगौलचा. घर रेल्वेच्या नोकरदाराचे. पाटण्याच्या कलामहाविद्यालयात ते शिकले चित्रकला. नाटकांतही कामे केली. पुढे दिल्ली गाठली. १९९६ मध्ये त्यांनी घरोघर बसायला घेतात तसले २९ लाकडी पाट मांडून एक कलाकृती केली. दुसऱ्या वर्षी शेणाच्या गोवऱ्यांची आत शिरता येईल अशी गोल खोली रचली आणि तिला नाव दिले ‘माय मदर अँड मी’. स्टीलची भांडी आली ती यानंतर.

आणि स्टीलच का? पितळेच्या भांड्यांना कल्हई लावावी लागे. स्टीलला तो त्रास नाही. लोखंडात क्रोमियम मिसळले की गंज धरत नाही. बेताच्या मिळकतीच्या घरालाही चांदीसारखी चमक मिळाली. ही चमकच गुप्तांनी उचलली. पण त्यांच्या त्या चमकत्या ढगात अन्नाचा कण नाही. २००६ मध्ये पॅरिसच्या सेंट बर्नार्ड चर्चमध्ये त्यांनी भांड्यांची प्रचंड कवटी मांडली, तिचे नाव ‘व्हेरी हंग्री गॉड’, म्हणजे अतिशय भुकेला देव. हे तेच चर्च, जिथे १९९६ साली कागदपत्रांविना राहणाऱ्या परदेशी मजुरांनी आसरा घेतला होता. पुढे २००७ मध्ये ती कवटी व्हेनिसला पालाझ्झो ग्रास्सीसमोर, कालव्याच्या काठी जाऊन बसली. श्रीमंतांच्या दारात भुकेचे तोंड! तिला विकत घेणाराही एक धनाढ्य फ्रेंच उद्योगपतीच, हा विरोधाभास आहेच. तो मला खटकतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

अशा कलाकृतीला मराठीत ‘मांडणशिल्प’ म्हणतात. वर्गात हा शब्द शिकवताना मी त्याची फोड सांगत असे; आता वाटते, मांडणी म्हटली की आम्हां मराठी माणसांना आधी स्वयंपाकघरच आठवते. रोज हाताळलेली वस्तू जागेवरून उचलून वेगळी मांडली, की ती आपल्याला प्रश्न विचारू लागते. या भांड्यातून किती जण जेवले? किती जण उपाशी उठले?

संध्याकाळी मी आईला विचारले, “ताटावर हे नाव कुणाचं गं?”

“थोरल्या आत्याबाईंचं,” ती म्हणाली. “त्यांच्या घरी तेव्हा दोन वेळची चूल पेटायची मारामार होती. तरी ताट दिलं.”

सौ. दारातच उभी होती. तिने ढिगातली सगळी ताटे उचलली आणि घासायला घेतली.

यंदाचा फराळ त्यांतच वाढणार आहोत.