चामखीळ : प्रकार आणि समजुती

सुश्रुतसंहितेत ‘चर्मकील’ असा शब्द येतो. आपली चामखीळ त्याच शब्दाची लेक. चामड्यात ठोकलेली खीळ ही उपमा इतकी चपखल आहे की तिला खोल मुळे असतात, असा समज रूढ झाला. वस्तुतः चामखीळ त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच वाढते. मानवी पॅपिलोमा विषाणू हे तिचे कारण. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत. १९०७ साली इटलीतील च्युफो या वैद्याने चामखिळीचा गाळलेला अर्क टोचून नवी चामखीळ उगवते हे सिद्ध केले. नजर, दैवाचा कोप यांना तेव्हाच रजा मिळावयास हवी होती.

हाताच्या बोटांवर व नखांभोवती येणारी खरखरीत चामखीळ सर्वांच्या परिचयाची आहे. चपटी चामखीळ गुळगुळीत असते, चेहऱ्यावर पुंजक्याने येते आणि खाजविल्यास ओरखड्याच्या रेषेत पसरते. पापणी, ओठ, मान येथे धाग्यासारखी बारीक चामखीळ आढळते. वयस्कांच्या मानेवर लोंबणारे मऊ मस यांत मोडत नाहीत. ते विषाणूमुळे होत नाहीत आणि पसरतही नाहीत.

खरा घोटाळा होतो तो तळपायाच्या चामखिळीबाबत. शरीराच्या भाराने ती आत दबते आणि तिला कुरूप समजले जाते. कुरूप वरून थेट दाबले असता दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली असता अधिक दुखते. तिच्यावर त्वचेच्या रेषा खंडित होतात आणि पृष्ठभाग खरवडल्यास काळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे बी नव्हे, गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या होत. कुरूप समजून ब्लेडने कापणे म्हणजे विषाणू पसरविणेच.

कर्लीच्या मुखाशी वसलेल्या आपल्या देवबागेत हात सदैव ओले असतात. मासे व मांस हाताळणाऱ्यांच्या हातांवर चामखिळी अधिक आढळतात, असे अन्यत्रही नोंदले गेले आहे. दोष माशाचा नाही. पाण्याने मऊ झालेली, काट्याने चिरलेली त्वचा विषाणूला वाट देते. वसतिगृहातील न्हाणीघराची ओली फरशी आणि सामाईक टॉवेल हेही तेच काम करतात.

आता उपायांविषयी. घोड्याचा केस बांधणे, चुना लावणे, बिब्बा किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावणे, हे सारे आपल्याकडे चालते. बिब्बा आणि काजू एकाच कुळातील. दोहोंचे तेल त्वचा भाजते आणि व्रण मागे ठेवते. तरीही गुण आला असे लोक शपथेवर सांगतात, त्याचे कारण साधे आहे : मुलांच्या बहुतेक चामखिळी दोन वर्षांच्या आत आपोआप जातात. श्रेय शेवटच्या उपायाला मिळते! सॅलिसिलिक आम्लाचे औषध काही आठवडे नेमाने लावणे किंवा डॉक्टरांकडून द्रव नायट्रोजनने गोठवून घेणे, हे परीक्षित मार्ग आहेत. चेहऱ्यावर मात्र आम्ल स्वतः लावू नये.

जननेंद्रियांवरील चामखीळ प्रायः सहाव्या व अकराव्या प्रकारच्या विषाणूने होते. बालकात ती दिसल्यास विलंब न करता, गाजावाजा न करता डॉक्टरांना दाखवावे. मुलाला दरडावू नये. त्याच्यावर अत्याचार झाला असण्याची शक्यता तपासावी लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारे सोळावा व अठरावा हे प्रकार निराळे. हा संबंध उलगडणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम संस्थेची प्रतिबंधक लस बाजारात आली. मुलींच्या पालकांनी तिची चौकशी अवश्य करावी.

‘स्पर्शाने पसरते’ हे वाक्य आम्ही वर्गात जपून उच्चारतो. त्या शब्दाचा इतिहास आम्हाला ठाऊक आहे. चामखीळ असलेल्या मुलाला पंगतीतून उठविण्याचे किंवा त्याचा हात टाळण्याचे काहीही कारण नाही. त्याचा टॉवेल, नेलकटर व चप्पल वेगळी असावी, चामखिळीवर चिकटपट्टी लावावी. त्याने कबड्डी अवश्य खेळावी.