हवेचा जमाखर्च (भाग ६) : यादीत नसलेले वायू

नातेपुत्याच्या बाजारात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात अळीवर औषध मागा, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिनची बाटली पुढे येते. हे कीटकनाशक बनवताना कारखान्यात सीएफसी-११३ए हा वायू कच्चा माल म्हणून लागतो. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंच्या कुळातलाच हा एक. त्या कुळाला आवर घालणारा मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला, ते मागच्या भागात आलंच आहे. तरीही सीएफसी-११३ए हवेत आहे, हे जगाला कळलं २०१४ साली.

इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले योहानेस लाउबे आणि त्यांचे सहकारी टास्मानियातल्या केप ग्रिमची हवा तपासत होते. तिथे १९७८ पासून समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा टाक्यांत भरून जपली जाते. अशी हवा आधी अतिथंड नळीतून सोडतात. त्यात अडकलेले वायू पुढे एकेक करून वेगळे होतात आणि यंत्र त्यांच्या रेणूंचे तुकडे करून वजन घेतं. प्रत्येक वायूचं एक टोक आलेखावर उमटतं. ओळखीच्या टोकांमध्ये काही अनोळखी टोकं दिसली, ती त्यांनी सोडून दिली नाहीत. त्यातून चार वायू सापडले : सीएफसी-११२, ११२ए, ११३ए आणि एचसीएफसी-१३३ए. ग्रीनलँडच्या जुन्या बर्फात कोंडलेल्या हवेत १९६० च्या दशकाआधी त्यांचा मागमूस नव्हता. म्हणजे ते कारखान्यांतूनच आले. २०१२ पर्यंत चौघे मिळून ७४,००० टनांहून जास्त वातावरणात गेले होते.

एवढं असूनही प्रत्येकाचं प्रमाण हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे एक रेणूसुद्धा नव्हतं. माळशिरस तालुक्यातल्या डाळिंबवाल्याला सांगायचं तर एक कोटी लिटरची पाच शेततळी आणि त्यात एक थेंब!

ओझोनचं एवढ्याने फार बिघडत नाही, हे खरं. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ११३ए तर वाढतच होता. पुढच्या मोजमापांत त्याचा काही भाग पूर्व आशियातून येत असल्याचं दिसलं. दुसरं रसायन बनवताना खर्ची पडणाऱ्या वायूला करारात सूट आहे, कारण तो क्रियेत संपतो असं गृहीत धरलंय. पण तो गळतो, आणि ही गळती कारखान्याच्या कागदावर दिसत नाही, हवेत दिसते. म्हणून हवा मोजणं हीच या कराराची खरी तपासणी आहे.

आपल्याकडे काय? २०१६ च्या जून-जुलैत ब्रिटिश संशोधन विमानाने उत्तर भारतावरून हवेचे नमुने घेतले आणि त्यावरून देशातून सुटणाऱ्या अशा वायूंचा अंदाज बांधला गेला. गोव्यात काणकोणजवळच्या काबो द रामाहून १९९३ पासून काही वर्षं हवेच्या बाटल्या ऑस्ट्रेलियाला तपासणीसाठी जात; त्यांत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारख्या वायूंचं मोजमाप झालं. पुण्याच्या आयआयटीएमने २००९ पासून सिंहगडावर कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनसाठी नमुने घेतले.

सिंहगडावर वा महाबळेश्वरला दरवर्षी चार टाक्या हवा भरून जपली, तर आज ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, असे वायू वीस वर्षांनी तिच्यात शोधता येतील. हे काम महाराष्ट्राने आताच हाती घ्यावं.

पुढच्या आठवड्यात : बंदी असलेल्या सीएफसी-११ चं नवं उत्सर्जन २०१८ मध्ये कसं उघड झालं.