कलेतिहासाचे नवे लेखक : टिपणवहीपासून ग्रंथापर्यंत

महाराष्ट्राचा कलावारसा अजिंठा-वेरूळपुरता मर्यादित नाही. गावोगावच्या मंदिरांवरील शिल्पे, वेशीजवळचे वीरगळ, जुन्या वाड्यांतील भित्तिचित्रे आणि पिंगुळीच्या चित्रकथीसारख्या परंपरा याही त्याच वारशाचा भाग आहेत. अनेक तरुण या ठेव्याचा अभ्यास करतात. परंतु तो बहुधा विद्यापीठातील प्रबंधात किंवा टिपणवहीतच राहतो. ग्रंथ सिद्ध करण्यासाठी वेळ, निर्वाहाची सोय आणि जाणत्याचे मार्गदर्शन या तिन्हींची आवश्यकता असते. नवोदितास ही तिन्ही एकाच वेळी क्वचितच लाभतात.

ग्रंथाने राखलेला ठेवा

ग्रंथ का हवा, याचे उत्तर अजिंठ्याच्याच इतिहासात मिळते. रॉबर्ट गिल यांनी परिश्रमपूर्वक केलेल्या तेथील चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयातील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह नव्याने प्रतिकृती तयार केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या. तथापि १८९६-९७ मध्ये या कार्यावर आधारित दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो ठेवा अभ्यासकांच्या हाती राहिला. गुरू आणि शिष्य यांच्या सहकार्याचे हे फळ होते. ग्रंथकार म्हणून नाव मात्र गुरूचेच लागले.

योजनेचे स्वरूप

तरुण लेखकाने स्वतःच्या नावाने ग्रंथ लिहावा आणि अनुभवी व्यक्तीने त्यास मार्गदर्शन करावे, अशी व्यवस्था केंद्र शासनाच्या 'पीएम-युवा' योजनेत करण्यात आली आहे. २९ मे २०२१ रोजी ही योजना जाहीर झाली. १९५७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पुस्तक न्यासाकडे तिची अंमलबजावणी सोपविण्यात आली. पहिल्या आवृत्तीत ३० वर्षांपर्यंतच्या ७५ लेखकांची निवड करण्यात आली. निवड झालेल्या लेखकास दरमहा ५० हजार रुपयांप्रमाणे सहा महिने, म्हणजे एकूण ३ लाख रुपये शिष्यवृत्ती देण्याची तरतूद आहे. ग्रंथाचे प्रकाशन न्यासाकडून होते आणि लेखकास विक्रीवर १० टक्के स्वामित्वधन मिळते. इंग्रजीप्रमाणेच मराठीसह संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत लेखन करता येते.

ही योजना केवळ कलेतिहासासाठी नाही. पहिल्या आवृत्तीचा विषय स्वातंत्र्यलढा, तर २०२२ मधील दुसरीचा लोकशाही हा होता. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ५० लेखकांसाठी ठेवलेल्या तीन विषयांमध्ये 'भारतीय ज्ञानपरंपरा' हाही एक विषय होता. शिल्प, स्थापत्य आणि चित्र यांचे शास्त्र हे या परंपरेचेच अंग असल्याने कलेच्या अभ्यासकांना त्यात वाव निर्माण झाला.

मार्गदर्शकाचे कार्य

कलेतिहासाच्या लेखनात मार्गदर्शकाचे महत्त्व विशेष असते. त्याचे पहिले काम विषय आवाक्यात आणणे हे होय. 'मराठेशाहीतील चित्रकला' हा विषय एका पुस्तकात मावणार नाही. वाईजवळील मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे हा विषय मात्र मावू शकेल. दुसरे काम पुरावा पारखण्याचे. मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, ही कथा लोकश्रद्धा म्हणून नोंदवावी. काळ ठरवण्यासाठी मात्र शिलालेख, शैली, बांधणी आणि दप्तरातील नोंदी पाहाव्या लागतात. तिसरे काम लेखनाचे. चित्राविषयी मत मांडण्यापूर्वी त्याचे नेमके वर्णन करणे, पारिभाषिक शब्द सर्वत्र एकाच अर्थाने वापरणे, छायाचित्रे आणि मजकूर यांचा मेळ घालणे, या गोष्टी वारंवार केलेल्या दुरुस्त्यांमधूनच साधतात. मात्र निष्कर्ष लेखकाचाच असावा. त्याची कसोटी मार्गदर्शकाने घ्यावी.

सहा महिन्यांत मूळ संशोधन पूर्ण होणे कठीण आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. पाहणी, मोजमापे आणि छायाचित्रे ज्याच्याजवळ आधीच आहेत, अशा अभ्यासकास या अवधीचा खरा उपयोग होतो.

गावाचा वाटा

तयारीचे हे काम गावातच होते आणि तेथे शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरते. जीर्णोद्धाराच्या वेळी कोरीव खांबांना तैलरंग दिला गेला किंवा भित्तिचित्रांवर चुना फिरला, तर अभ्यासाचे साधनच नाहीसे होते. असे काम हाती घेण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा, निदान सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवावीत. वीरगळ हलवावा लागल्यास त्याची मूळ जागा नोंदवावी. जुन्या कारागिरांच्या आठवणी विद्यार्थ्यांकडून लिहून घ्याव्यात. गावात अभ्यासक आल्यास त्याला जुनी कागदपत्रे पाहू द्यावीत आणि गावातील होतकरू पदवीधरांना अशा शिष्यवृत्तीची माहिती वेळीच द्यावी.

शिष्यवृत्ती लेखकाला सहा महिन्यांचे स्वास्थ्य देऊ शकते. पुसलेले चित्र परत आणू शकत नाही. ग्रंथ लिहिणारा अभ्यासक येईपर्यंत त्याचा विषय सुरक्षित ठेवणे, हे गावाचेच कर्तव्य आहे.