वरोरा की भद्रावती?

माजरी जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं, की दोनच ऑप्शन दिसतात. नागपूरकडची गाडी पकडली तर वरोरा. चंद्रपूरकडची पकडली तर भांदक, म्हणजेच भद्रावती. (तिसरी लाइन वणीमार्गे आदिलाबादला जाते, पण तो विषय वेगळा!) माझी वहिनी सहा महिने याच दोन नावांत अडकली होती.

दादा वेकोलित. वहिनी घरी केक करते. कॉलनीतला बर्थडे तिच्याशिवाय होत नाही म्हणा ना! आता तिला दुकान टाकायचं होतं. भांडवल काय, तर आईने दिलेल्या पाटल्या आणि चार वर्षांची बचत. म्हणजे चुकायला जागाच नाही.

‘ताई, तुम्ही पेपरात लिहिता ना, मंग सांगा कुठं टाकाचं?’

मास कॉममध्ये हे शिकवत नाहीत हो! शेवटी वही-पेन घेऊन दोघी दोन शनिवार फिरलो.

वरोरा : कॉलेज क्राउड

पहिल्याच फेरीत वरोरा आवडलं. चिमूर आणि वणीकडचे रस्ते इथे फुटतात, त्यामुळे बाजार भरलेला. बाबा आमटेंच्या आनंदवनाजवळच कॉलेज, म्हणजे केक कापणारी आणि तोंडाला फासणारी मंडळी भरपूर! पण मेन रोडवर बेकऱ्याही रांगेने. शिवाय पोरांचा हिशेब वर्गणीचा. सुट्ट्या लागल्या की गल्ला थंड.

भद्रावती : पगार आणि पार्श्वनाथ

इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, म्हणजे महिन्याला पगार घेणारं गिऱ्हाईक. पार्श्वनाथाच्या जैन मंदिरात बाहेरगावचे भाविक येतात. वहिनीच्या डोक्यात लगेच बल्ब पेटला, ‘बिनअंड्याचा केक!’ बाजार मात्र वरोऱ्यापेक्षा शांत. संध्याकाळी पाच ते सात आम्ही माणसं मोजली, तर वरोऱ्याच्या निम्मीसुद्धा भरली नाहीत. वहिनीचं तोंड उतरलं.

मग फंडा काय?

मोजता मोजता एक गोष्ट लक्षात आली. अर्ध्या तासात चार जणींनी वहिनीला हाक मारली. सगळ्या माजरीच्या! माजरी भद्रावती तालुक्यात येते. तहसीलचं काम निघालं की माणूस इकडेच येतो. सहा महिने आम्ही नवीन गिऱ्हाईक शोधत होतो आणि जुनं गिऱ्हाईक आपल्या पायाने इथे येत होतं.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. माजरीत केक करून दुकानात न्यायचा, तर क्रीम वाटेतच वितळणार. म्हणून मागे ओव्हन आणि फ्रीज मावेल असाच गाळा हवा होता. असा गाळा आमच्या बजेटमध्ये भद्रावतीतच मिळाला.

दादाची भीती वेगळी होती. वरोऱ्यातही कोळशाची खाण होती. 1871 ला सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली. खाण गेली, गाव राहिलं. पण माजरीच्या बाजारात जो तो वेकोलिच्या पगारावर बसलेला. दादाचं म्हणणं एकच, घरात एक तरी कमाई खाणीबाहेरची पाहिजे.

गाळ्याचं डिपॉझिट भरलं, त्या दिवशी वहिनीच्या हातात पाटल्या नव्हत्या. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘काऊन पाहता ताई? कणीक मळाले हात मोकळेच बरे!’

तुम्हीही जागा शोधताय? मग गर्दी जरूर मोजा. पण त्या गर्दीत तुम्हाला नावाने हाक मारणारे किती, तेही मोजा.