रोहू : तळ्यातील पोषण आणि बाजारातील पारख

मासळी म्हटली की महाराष्ट्रातील वाचकाला प्रथम समुद्र आठवतो. बांगडा, सुरमई, पापलेट ही नावे आपल्या परिचयाची असतात. देशाच्या पातळीवर मात्र चित्र निराळे आहे. २०२२-२३ या वर्षात भारतात १७५.४५ लाख टन मत्स्योत्पादन झाले. त्यापैकी १३१ लाख टनांहून अधिक, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश उत्पादन अंतर्देशीय होते. ते नद्या, तलाव, जलाशय आणि संवर्धन तळ्यांतून आले. (निमखाऱ्या पाण्यातील कोळंबीही यात मोजली जाते.) १९५०-५१ मध्ये एकूण उत्पादन साडेसात लाख टनांच्या आसपास होते आणि अंतर्देशीय वाटा त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी होता. सात दशकांतील या उलथापालथीत ज्या मोजक्या माशांचा मोठा हातभार लागला, त्यांत रोहू अग्रभागी आहे.

बंगालमध्ये रुई, आसामात रौ, ओडिशात रोही, आंध्रात शीलावती अशी त्याची अनेक नावे आहेत. संस्कृतातील 'रोहित' हे त्याचे जुने नाव होय. चरकसंहितेने माशांमध्ये रोहित श्रेष्ठ मानला असून त्याचे एक कारण म्हणून तो शेवाळावर जगतो असे सांगितले आहे. हे निरीक्षण नोंद घेण्याजोगे आहे. आधुनिक मत्स्यशास्त्रानुसारही प्रौढ रोहू हा मुख्यतः वनस्पतिज अन्न खाणारा मासा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज तो 'लेबिओ रोहिता' या नावाने ओळखला जातो. गंगा, ब्रह्मपुत्र आणि सिंधू ही खोरी त्याचे मूळ घर असून दक्षिणेकडील नद्या व जलाशयांत तो नंतर सोडण्यात आला.

तळ्यातील मासा कसा झाला?

रोहू, कटला आणि मृगळ यांना 'भारतीय प्रमुख कार्प' म्हणतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी अन्न शोधतो. त्यामुळे तिन्ही मासे एकाच तळ्यात फारशी स्पर्धा न करता वाढू शकतात. मिश्र मत्स्यसंवर्धनाचा पाया हाच आहे.

अडचण होती ती बीजाची. पावसाळ्यात पूर आलेल्या वाहत्या पाण्यात रोहूची वीण होते. साठलेल्या तळ्यात तो वाढतो, पण सहसा अंडी घालत नाही. म्हणून पूर्वी नदीतून मत्स्यजिरे गोळा करून दूरदूर पाठवावे लागत आणि त्यात नको असलेल्या जातींची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मस्तिष्कातील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्पांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच. पुढे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने निवड पद्धतीने रोहूचा जलद वाढणारा वाण विकसित केला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, तो प्रसृत झाला म्हणून त्याला 'जयंती' हे नाव मिळाले.

ताटात काय येते?

रोहूच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण १६ ते २० ग्रॅम प्रथिने असतात आणि मेद सामान्यतः तीन ग्रॅमच्या आत असतो. तंतोतंत आकडे माशाचे वय, ऋतू आणि खाद्य यांनुसार बदलतात, म्हणून एकच संख्या पाठ करण्यात अर्थ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम. या हिशेबाने रोहूच्या दीडशे ग्रॅम मांसातून दिवसाची जवळपास निम्मी गरज भागते.

प्रमाणापेक्षाही गुणवत्ता महत्त्वाची आहे. तांदूळ आणि गहू यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल तुलनेने कमी असते. माशात ते विपुल असते. भाताबरोबर मासा खाल्ला की धान्यातील ही उणीव भरून निघते. बंगाल, ओडिशा, आसाम आणि आंध्रच्या भातपट्ट्यात मत्स्याहार रुजला, त्यामागे पाण्याची मुबलकता हे कारण तर आहेच. परंतु पोषणाच्या दृष्टीनेही ही जोडी उत्तम जमलेली आहे. माशाच्या मांसात संयोजी ऊती कमी असल्याने ते लवकर शिजते आणि पचायला हलके असते. जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतिज आहारातून जवळजवळ मिळत नाही. ते रोहूतून मिळते. स्फुरद आणि सेलेनियम ही खनिजेही त्यातून लाभतात.

येथे दोन समजुती तपासून घेतल्या पाहिजेत. पहिली ओमेगा-३ मेदाम्लांविषयी. 'मासा खा, हृदय सांभाळा' हे वाक्य सरसकट सर्व माशांना लावले जाते. वास्तविक ही मेदाम्ले तारली, बांगडा यांसारख्या तेलकट सागरी माशांत भरपूर असतात. रोहू हा कमी मेदाचा मासा आहे. त्यात ती असतात, पण बेताची. आणि माशाच्या मेदाची घडण त्याला मिळणाऱ्या खाद्यावर अवलंबून असल्याने तळ्यागणिक प्रमाण बदलते. लाल मांसाऐवजी रोहू खाल्ल्याने संपृक्त मेद कमी होतो, हा लाभ खरा आहे. तथापि, त्याला तारलीचा पर्याय म्हणता येणार नाही.

दुसरी समजूत रक्तक्षयाविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. मासा हा यावरचा उपाय म्हणून सुचवला जातो. पण रोहूच्या मांसात लोह अल्प असते, शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमच्या आसपास. प्रौढ स्त्रीची शिफारस केलेली गरज रोज २९ मिलिग्रॅम आहे. तेव्हा केवळ रोहूने ही तूट भरणे शक्य नाही. त्याचा उपयोग वेगळ्या वाटेने होतो : त्याच जेवणातील डाळ, धान्य आणि पालेभाजीतील लोह शोषले जाण्यास माशाचे मांस साहाय्य करते, आणि रक्तनिर्मितीस लागणारे ब-१२ पुरवते. पालेभाजीशेजारी माशाचा एक तुकडा असणे हे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

कॅल्शियमबाबतही असाच घोटाळा होतो. पोषणमूल्यांच्या तक्त्यांत रोहूचे कॅल्शियम कुठे फार मोठे, तर कुठे अगदी किरकोळ दिसते. कॅल्शियम मुख्यतः काट्यांत असते, त्यामुळे नमुन्यात काटे किती आले यावर आकडा ठरतो. रोहूचे काटे आपण खात नाही, म्हणून मोठा आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

जो मासा काट्या-डोक्यासह खाल्ला जातो त्याची गोष्ट वेगळी. पूर्व भारतात आणि बांगलादेशात 'मोला' हा बोटाएवढा देशी मासा सबंध खातात. त्याचे जीवनसत्त्व अ प्रामुख्याने डोळ्यांत आणि पोटातील अवयवांत साठलेले असते, त्यामुळे डोके काढून टाकले की मोठा भाग वाया जातो. पूर्वी तळे तयार करताना असे मासे 'निरुपयोगी' समजून विष घालून नष्ट केले जात. शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांच्या संशोधनाने ही दृष्टी बदलली : एकाच तळ्यात रोहू-कटला विक्रीसाठी आणि मोला घरच्या मुलांसाठी वाढवता येतो, हे दिसून आले. या कार्यासाठी त्यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत प्रमुख कार्पांचे बीज सोडताना तेथील लहान देशी माशांचा विचारही याच अंगाने व्हायला हवा.

बाजारातील पारख

पश्चिम बंगाल आणि ईशान्येकडील राज्यांच्या बाजारांत जो रोहू विकला जातो, त्यातला पुष्कळसा आंध्र प्रदेशातील कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळील, कोलेरू सरोवराच्या परिसरातील तळ्यांतून येतो. बर्फाच्या थरांत भरलेल्या मालमोटारी शेकडो किलोमीटर धावतात. कोलकात्यात या मासळीला 'चालानी' म्हणतात आणि स्थानिक जिवंत माशाला तिच्याहून चढा भाव मिळतो. पाण्याबाहेर आल्यानंतर किती वेळात बर्फ मिळाला, किती मिळाला आणि वितळलेले पाणी निघून गेले की नाही, यावर ग्राहकाच्या ताटातील पोषण व सुरक्षितता अवलंबून असते. माशाच्या वजनाइतका बर्फ हा साधा नियम आहे. तो नीट पाळला तर रोहू आठवडाभर सहज चांगला राहतो. भर उन्हात बर्फाविना ठेवलेला मासा काही तासांतच बिघडू लागतो. म्हणजे 'बर्फातला' म्हणून मासा नाकारण्याचे कारण नाही. बर्फ पुरेसा आहे का, एवढेच पाहावे.

प्रथम मासा रोहूच आहे ना, याची खात्री करावी. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले असते. रोहूचे डोके लहान, तोंड खालच्या बाजूस, ओठ जाडसर व झालरीसारखे, आणि पर तांबूस असतात. मृगळ अधिक सडपातळ व रुपेरी दिसतो. तुकडे करून मांडलेल्या माशात ही ओळख पटत नाही आणि ताजेपणाच्या खुणाही हरवतात. म्हणून शक्यतो सबंध मासा निवडून मग तो कापून घ्यावा. आधी सबंध मासा तोलतात की कापलेले मांस, हे भाव ठरवतानाच विचारावे, कारण डोके, खवले आणि आतडी वजा जाता वजन बरेच घटते.

ताज्या रोहूचे डोळे भरलेले व पारदर्शक असतात. शिळ्याचे खोल गेलेले आणि धुरकट. कल्ले उचलून पाहिले असता लाल दिसावेत. ते तपकिरी किंवा राखाडी असतील तर मासा ठेवून द्यावा. मात्र कल्ल्यांना रंग लावण्याचे प्रकार घडतात, त्यामुळे या एका खुणेवर विसंबू नये. बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर आले पाहिजे. सर्वांत बोलकी जागा पोट होय : आतड्यांतील पाचक रसांमुळे बिघाड तेथूनच सुरू होतो, त्यामुळे मऊ पडलेले, फुगलेले वा फुटलेले पोट दिसताच पुढची तपासणी करण्याची गरज नाही. वास तळ्याचा, किंचित शेवाळी असतो. आंबूस किंवा अमोनियासारखा उग्र वास हा बिघाडाचा पुरावा समजावा. गाळाचा वास तळ्यातील काही सूक्ष्मजीवांमुळे येतो. तो ताजेपणाशी संबंधित नाही.

काटे हा रोहूचा अवगुण. त्याच्या मांसात बारीक, दोन टोके असलेले काटे विखुरलेले असतात. एक किलोहून मोठ्या माशात ते जाड व सहज दिसणारे असल्याने लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी मोठा मासा घेणे बरे. पोटाकडील तुकड्यात बारीक काटे कमी व मेद अधिक असतो, पाठीकडे मांस भरीव परंतु काटेरी असते.

२०१८ मध्ये फॉर्मेलिनच्या प्रश्नाने देशातील मासळी बाजार हादरला. हे रसायन मृत शरीरे जतन करण्यासाठी वापरतात. अन्नात त्याच्या वापराला परवानगी नाही. केरळच्या अन्न सुरक्षा विभागाने 'ऑपरेशन सागर राणी' या मोहिमेत परराज्यांतून आलेली रसायनयुक्त मासळी पकडली. गोवा व आसामने त्या वर्षी बाहेरून येणाऱ्या मासळीवर तात्पुरती बंदी घातली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या कागदी पट्टीच्या चाचणीने फॉर्मेलिन आणि अमोनिया काही मिनिटांत ओळखता येतो. अशी पट्टी जवळ नसलेल्या ग्राहकाने विसंगती शोधावी : मांस अस्वाभाविक ताठ, पण डोळे निस्तेज, मासळीचा नैसर्गिक वास नाही, आणि उन्हातही माशी बसत नाही. या खुणा संशय घेण्यापुरत्याच आहेत, त्या पुरावा नव्हेत. काही सागरी माशांत मृत्यूनंतर फॉर्मल्डिहाइड नैसर्गिकरीत्याही तयार होते, त्यामुळे निर्णय प्रयोगशाळेचाच मानावा लागतो.

व्यापारी हे रसायन का वापरतो, याचे उत्तर बर्फाच्या टंचाईत आणि खर्चात आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत, २०,०५० कोटी रुपयांच्या आराखड्यात, शीतसाखळी व बाजार सुविधांना स्थान दिले गेले आणि काढणीपश्चात नुकसान २० ते २५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य ठेवले गेले. शीतगृहांची संख्या वाढली तरी किरकोळ विक्रेत्याच्या टोपलीत बर्फ पोहोचत नसेल, तर साखळी शेवटच्या कडीपाशी तुटते. नेमकी हीच कडी योजनांच्या अहवालांत सर्वांत कमी दिसते.

साफ करताना

रोहूचे पित्ताशय न फोडता काढून टाकले पाहिजे. ते फुटल्यास आजूबाजूचे मांस कडू होते. तो भाग लगेच धुऊन कापून टाकावा. मधुमेह, दमा किंवा दृष्टिदोषावर औषध म्हणून रोहूचे पित्ताशय गिळण्याची प्रथा काही भागांत आहे. ती अत्यंत घातक आहे. कार्प कुळातील माशांच्या पित्तातील विषारी द्रव्यामुळे उलट्या, जुलाब सुरू होऊन काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या आणि रुग्णांना डायलिसिसवर ठेवावे लागल्याच्या नोंदी भारतातील वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार आल्या आहेत. शिजवल्याने हे विष नाहीसे होत नाही. कोणी पित्ताशय गिळले असल्यास त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.