खोक्यातला सराव आणि रुग्णाचं पोट

पित्ताशय काढायला आता वीतभर पोट फाडावं लागत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली आणि आज ती जिल्ह्याच्या गावीही होते. रुग्णाला सोपी झालेली ही पद्धत शिकणाऱ्याला मात्र जड जाते. पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून आत गेलेलं अवजार तरफेसारखं वागतं, त्यामुळे बाहेर हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे सरकतं. नजर पडद्यावर ठेवावी लागते. पडदा सपाट असल्याने खोलीचा अंदाज चुकतो आणि लांब दांडीतून आतल्या अवयवाचा मऊपणा बोटांपर्यंत पुरता पोचत नाही. ही उलटी चाल अंगवळणी पडायला बरेच तास लागतात. ते तास भूल दिलेल्या माणसाच्या पोटात काढायचे की त्याआधी दुसरीकडे कुठे, एवढाच खरा प्रश्न आहे.

जुनी रीत पहिल्या पर्यायाची होती. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची घडी बसवली. ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ हे सूत्र पुढे त्या परंपरेतच रूढ झालं. त्या रीतीने मोठे सर्जन घडले हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे तर रुग्णांची रांगच इतकी मोठी, की शिकायला वेगळा सराव कशाला, असं अनेक ज्येष्ठांना मनापासून वाटतं. पण ही रांग कुणाची असते? पैसे मोजणारा रुग्ण नावाजलेल्या सर्जनचा हात मागून घेतो आणि नवख्या हाताचा पहिला टाका सरकारी रुग्णालयातल्या गरिबाच्या वाट्याला येतो. रुग्ण भरपूर आहेत म्हणून सरावाची गरज नाही, या म्हणण्याचा सरळ अर्थ असा होतो, की शिकण्याची किंमत गरिबाने भरावी. शिवाय रांग मोठी असली की ज्येष्ठांवर उरकण्याचा ताण असतो आणि निवासी डॉक्टरच्या हाती बराच वेळ फक्त कॅमेरा राहतो.

दुसरा पर्याय आश्चर्य वाटावं इतका स्वस्त आहे. झाकणाला दोन भोकं पाडलेला प्लास्टिकचा खोका, आत एलईडीची पट्टी, एक वेबकॅम किंवा जुना मोबाइल आणि शस्त्रक्रियागृहातून बाद झालेली अवजारं एवढ्यावर सरावाची पेटी तयार होते. पडद्याकडे बघत वाटाणे एका चिमट्यातून दुसऱ्या चिमट्यात द्यायचे, हातमोज्याचं बोट आखलेल्या रेषेवर कापायचं, गराला धक्का न लावता संत्र्याची साल सोडवायची. टाक्यांसाठी कोंबडीच्या तंगडीची कातडी आणि आतडी जोडण्यासाठी खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं आतडं चालतं. नेत्रशल्यचिकित्सक बकऱ्याच्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या पायऱ्या गिरवतातच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: माणसाच्या पोटात वाटाणे नसतात, मग या खेळण्याचा उपयोग काय? कॅनडात ४० वैद्यकीय विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीने काढायचा, हे काम. काही जण ३,७०० कॅनेडियन डॉलरच्या तयार प्रतिकृतीवर शिकले, काही थर्माकोलचा पेला, रबराची नळी आणि स्ट्रॉ जोडून केलेल्या २० डॉलरच्या जुगाडावर, तर काहींनी फक्त व्याख्यान ऐकलं. प्रत्यक्ष हात चालवलेले दोन्ही गट व्याख्यानवाल्यांच्या पुढे गेले आणि त्या दोघांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. दोन वर्षांनी सूक्ष्मशस्त्रक्रियेबाबत ५० कनिष्ठ निवासी डॉक्टरांवरचा अभ्यास आला. नवख्याला तंत्र शिकण्यासाठी सिलिकॉनची साधी नळी जिवंत उंदराइतकीच उपयोगी ठरते, असा निष्कर्ष संशोधकांनी त्यात काढला.

याचं कारण सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या ‘योग्यासूत्रीय’ अध्यायात सापडतं. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडीवर करावा. शीर टोचण्याचा कमळाच्या देठावर आणि मेलेल्या जनावराच्या शिरेवर. खरवडण्याचा केसाळ कातड्यावर. शिवण्याचा जाड-पातळ कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर. पट्ट्या बांधण्याचा बाहुल्यावर, असं तिथे सांगितलं आहे. या यादीचा अभिमान आपण वारंवार मिरवतो, पण तिच्यातली शिस्त विसरतो. भोपळा माणसासारखा दिसत नाही हे त्या ग्रंथकारांना ठाऊक होतं. त्यांनी एकेक क्रिया सुटी केली आणि त्या क्रियेत हाताला जसा प्रतिकार जाणवेल तशी वस्तू निवडली. साम्य कामाशी हवं, शरीराशी नसलं तरी चालतं. अर्थात याला मर्यादा आहे. अचानक उडालेली रक्ताची चिळकांडी, घाबरलेलं मन, चुकलेला निर्णय, भूलतज्ज्ञाशी बोलणं यांतलं काही खोका शिकवत नाही. ते शस्त्रक्रियागृहातच, ज्येष्ठाच्या नजरेखाली शिकावं लागतं. पण निदान गाठ मारण्यात ज्याचं लक्ष अडकलेलं नाही, त्यालाच तिथे बाकीचं शिकायला सवड मिळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिक्षकाविना केलेला सराव चुकीची सवय पक्की करतो. हे अगदी खरं आहे आणि पैसा कुठे घालायचा ते यातूनच कळतं. येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांवर झालेल्या प्रयोगात संगणकावर सराव केलेल्या गटाने यकृतापासून पित्ताशय २९ टक्के लवकर सोडवलं आणि चुकाही खूप कमी केल्या. तिथलं यंत्र महाग होतं हे खरं, पण अनुभवी सर्जनांनी गाठलेल्या पातळीपर्यंत पोचेस्तोवर सराव थांबवायचा नाही, हा त्या प्रशिक्षणाचा कणा होता. टोरोंटोच्या ३८ डॉक्टरांच्या अभ्यासात एकाच दिवशी चार सत्रं उरकणाऱ्यांपेक्षा दर आठवड्याला एक सत्र करणारे महिन्याभराने सरस ठरले. पातळी ठरवणं, सराव विभागणं आणि चूक दाखवणारा डोळा या तिन्ही गोष्टी विकतच्या यंत्रात येत नाहीत. अमेरिकेत जनरल सर्जरीच्या बोर्ड-प्रमाणपत्रासाठी लागणारी दुर्बीण-कौशल्याची परीक्षासुद्धा साध्या पेटीतच होते: ठोकळे हलवणं, गॉझवरचं वर्तुळ कापणं, फास आवळणं, टाके घालणं. त्यात वेळ मोजतात आणि चुकांचे गुण कापतात.

आपल्याकडे २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची आहे. पण सक्ती खोलीची आणि साहित्याची असली की पाहणीपुरता दरवाजा उघडतो आणि महागड्या पुतळ्याला धक्का लागेल म्हणून तो परत बंद होतो. तुटला तरी कुणाला हळहळ वाटणार नाही अशी पेटी वसतिगृहाच्या खोलीतही नेता येते. तेव्हा वाचलेला पैसा शिक्षकांच्या वेळेवर खर्च करावा, आठवड्यातला एक तास त्यांच्या कामाच्या वेळापत्रकातच लिहावा. आणि निवासी डॉक्टरच्या नोंदवहीत पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी एक पान जोडावं: खोक्यात किती टाके घातले, किती वेळात, किती चुकले आणि हे कुणी पाहिलं. त्या पानावर सही नसेल, तर रुग्णाच्या पोटाला हात लावता येऊ नये.